थायरॉइडचा आजार : वारसा की मनाचा ताण?

नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षकांना सिकलसेल हे नाव नवे नाही. भिल्ल, पावरा समाजांत हा आजार आढळतो. दोष एकाच जनुकाचा असतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे गणित फळ्यावर सहज मांडता येते. थायरॉइडच्या काही आजारांना मात्र हे गणित लागू पडत नाही. का, ते इतिहासातून पाहू.

इंग्लंडमधील बाथ गावचे डॉक्टर पॅरी यांनी एका २१ वर्षांच्या तरुणीची हकीकत नोंदवली आहे. उतारावर चाकाच्या खुर्चीतून पडल्याने ती फार घाबरली. तेव्हापासून छातीत धडधड सुरू झाली आणि पंधरवड्याने गळा सुजू लागला. ही नोंद पॅरींच्या मृत्यूनंतर, १८२५ साली छापली गेली. १८३५ साली डब्लिनच्या ग्रेव्हज यांनी याच आजाराचे वर्णन केले. 'भीतीने झालेला आजार' ही समजूत पुढे दीर्घकाळ टिकली.

१९१२ साली जपानच्या हाशिमोतो यांना चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींत पांढऱ्या पेशींची दाटी दिसली. तिचा अर्थ १९५६ साली उलगडला. लंडनमध्ये रॉइट, डोनियाक व सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. शरीराचे रक्षक घरावरच उलटले होते! हाशिमोतोच्या आजारात ग्रंथी हळूहळू निकामी होते. ग्रेव्हजच्या आजारात प्रतिपिंडे तिला अखंड कामाला जुंपतात. आयोडीनच्या अभावाने होणारा गलगंड याहून वेगळा.

मग वारसा किती? २००१ साली डेन्मार्कमधील जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाला ग्रेव्हजचा आजार असल्यास दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण एकसारख्या जुळ्यांत सुमारे ३५ टक्के, तर भिन्न जुळ्यांत सुमारे ३ टक्के आढळले. म्हणजे वारसा मोठा आहे. पण जनुके सारखी असूनही बहुतेक जोडीदार निरोगी राहिले. येथे अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि ठिणगी बाहेरून पडते.

ताण ही अशी ठिणगी असेल काय? १९९१ साली स्वीडनमधील अभ्यासात ग्रेव्हजच्या रुग्णांनी आधीच्या वर्षातील दुःखद घटना निरोगी माणसांपेक्षा अधिक सांगितल्या. पण आजारी माणूस कारण शोधत मागचे आठवतो. शिवाय वाढलेले संप्रेरकच माणसाला बेचैन करते. त्यामुळे ताण हे एकमेव कारण मानता येत नाही. हाशिमोतोच्या आजाराबाबत तर हा पुरावा आणखी दुबळा आहे.

वर्गातील एखादी मुलगी सुस्त होते, किंवा तिचे हात कापतात, वजन घटते. तेव्हा 'आळशी आहे', 'परीक्षेचे टेन्शन आहे' असे म्हणून आपण थांबू नये. रक्ताची साधी तपासणी निदानाची वाट दाखवते आणि औषधही आहे. आईच्या घराण्याला किंवा मुलीच्या स्वभावाला दोष देण्याचे कारण नाही.