पोडावर बघत बसा

वर्ष १९३८, दिवस चैत्रातले. झरी जामणीच्या रानातल्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, तुम्ही आहात. दक्षिणेला पैनगंगा. तिच्या पल्याड निजामाचं आदिलाबाद, अल्याड इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड. पोडावर कोलामी बोलतात, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. नाही कळलं तरी चालेल.

उजाडायच्या आत तुम्ही मोहाखाली पोचता. पडलेलं फूल दिसावं म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून टाकलाय. एक बाई वाकून फुलं वेचतेय, मागे पाचेक वर्षांची पोर. बाई फुलाला लागलेली राख फुंकते, पोरही फुंकते. वारुळाजवळची फुलं बाई तशीच सोडते. पोर तिथं थबकते, मुंग्या बघते, आणि तीही पुढे जाते. सकाळभर एक शब्दही तुमच्या कानी पडत नाही.

दुपारी सावलीत एक म्हातारा बांबू चिरतोय, टोपल्यांसाठी. शेंड्याला कोयत्याचा घाव, मग दोन्ही हातांनी फाक ओढत खाली. कसं करायचं, असं तुम्ही खुणेनं विचारता. तो दुसरा बांबू उचलतो आणि तेच पुन्हा करतो, जरा सावकाश. उत्तर मिळालं. तुमची चीर मात्र एका बाजूला सरकते, पट्टी निमुळती होत तुटते. शेजारचा नातू तुमच्या हातातला बांबू घेतो, जाड बाजू जास्त वाकवतो, चीर मधोमध परतते. त्यालाही हे कुणी समजावलेलं नसणार. आजोबांचे अंगठे तो रोज बघतोय.

तेवढ्यात पायवाटेवर खाकी दिसते, जंगलखात्याचा शिपाई. म्हाताऱ्याचा हात थांबतो, कोयता पाल्याखाली जातो, मान खाली. नातवाकडे बघा: खांदे तसेच आखडलेले, मान तितकीच खाली. शिपाई काही न बोलता निघून जातो. राखीव जंगलाचा कायदा या पोराला ठाऊक नाही, पण कायद्याची भीती त्याच्या अंगात शिरली आहे. बांबू चिरणं ज्या वाटेनं आलं, त्याच वाटेनं. मला ही दुपार फार अस्वस्थ करते. मोठ्यांनी काय झाकायचं आणि काय दाखवायचं, हे त्यांच्या हाती कुठे असतं?

आता १९६१, अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. मुलं नुसतं बघून काय उचलतात हे तपासायला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि सहकारी बालवाडीतल्या ७२ मुलांवर प्रयोग करताहेत. काही मुलांसमोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीनं मारतं. पुढे त्यातली बरीच मुलं तशीच हातोडी चालवतात, तेच शब्द उच्चारतात. प्रयोग गाजला. पण त्या खोलीत खरं काम नव्हतं, आणि मारणारं माणूस मुलांचं कुणी नव्हतं. पोडावर दोन्ही होतं. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया कुटुंबांत पोडासारखंच पाहिलं: दुसऱ्याला दाखवलेलं कामही तिथली मुलं लक्ष देऊन बघतात, कारण उद्या ते त्यांनाच करायचं असतं.

शेवटचा मुक्काम आजचा, झरी जामणी तालुक्यातला पहिलीचा वर्ग. घरी कोलामी बोलणारं पोर शेवटच्या रांगेत बसलंय. ‘उभे राहा’ हे शब्द त्याला कळत नाहीत. ते शेजाऱ्याकडे बघतं आणि अर्ध्या क्षणानं उभं राहतं. ‘वही काढा’ झालं की पुन्हा शेजाऱ्याकडे नजर. हळूहळू त्याला मराठी येईल, ती बरीचशी या नजरेतूनच. मग एका सकाळी ते शेजाऱ्याच्या पाटीवरचं अक्षर बघून तसंच गिरवतं, आणि फळ्याकडून आवाज येतो: नक्कल करू नकोस!

माझं शिक्षकांना कळकळीचं सांगणं आहे: त्याच्याच पोडावरची तिसरी-चौथीतली एखादी मुलगी त्याच्या शेजारी बसवा, आणि त्याला तिच्या पाटीत खुशाल डोकावू द्या.