इबादतखान्यात न आलेली देवी

गुरुवारची संध्याकाळ आहे. साल १५७६. फत्तेपूर सिक्रीचा लाल दगड अजून दिवसभराच्या उन्हाने गरम आहे आणि तुम्ही चपला काढून इबादतखान्याच्या, म्हणजे बादशहा अकबराच्या धर्मचर्चेच्या दालनाच्या, दाराशी उभे आहात. तुम्ही कोणाला दिसत नाही, त्यामुळे कोणी अडवत नाही. दिसला असता तर आधी विचारलं असतं, कुठल्या बाजूचे? आत शिरणाऱ्या प्रत्येकाला इथे बाजू ठरवून दिलेली आहे. पश्चिमेला सय्यद, दक्षिणेला उलेमा, उत्तरेला शेख आणि सूफी, पूर्वेला दरबारी अमीर. सुरुवातीला कोणी कोणाच्या वर बसायचं यावरूनच इतकी भांडणं झाली की बादशहाला दिशा वाटून द्याव्या लागल्या.

अकबर चौतिशीच्या आत-बाहेर. लिहिण्या-वाचण्याशी त्याची गट्टी कधी जमली नाही, पण पुस्तकं रोज वाचून घेतो आणि ऐकलेलं विसरत नाही. या बाजूकडून त्या बाजूकडे फिरत तो प्रश्न विचारतो आहे. अजून इथे सगळे मुसलमानच आहेत. देव एक आहे, त्याने कोणाला जन्म दिला नाही, त्याला कोणी जन्म दिला नाही, त्याच्या बरोबरीचं काही नाही. यावर कोणाचंही दुमत नाही. दुमत आहे ते त्या देवाच्या हुकमाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, यावर.

एकाने हलाल म्हटलं की दुसरा हराम म्हणतो. आवाज चढतात, मानेच्या शिरा फुगतात, हमरीतुमरी सुरू होते. बादशहा चिडून जवळ बसलेल्या अब्दुल कादिर बदायुनीला सांगतो, जो कोणी वेडंवाकडं बोलेल त्याचं नाव मला सांग, मी त्याला उठवतो. बदायुनी शेजारच्या आसफखानाच्या कानात पुटपुटतो की मग बहुतेकांना उठावं लागेल. काय म्हणालास, असं बादशहा विचारतो, आणि उत्तर ऐकून खूश होतो. या बदायुनीकडे लक्ष ठेवा. कडवा सुन्नी, तीक्ष्ण नजरेचा, पुढे इथे घडणाऱ्या बहुतेक गोष्टींचा तिटकारा असणारा हा माणूस हे सगळं गुपचूप लिहून ठेवणार आहे. त्याने लिहिलं नसतं तर यातलं पुष्कळ आपल्यापर्यंत पोचलंच नसतं.

समोर मखदूम-उल-मुल्क बसला आहे, साम्राज्यातला बडा धर्मपंडित. वर्ष भरायच्या आत आपली मालमत्ता बायकोच्या नावावर करायची आणि नंतर परत घ्यायची, म्हणजे जकात द्यावी लागत नाही, ही त्याची युक्ती याच सभेत चव्हाट्यावर आली. अकबराचा चेहरा पाहा. देवाबद्दल सगळं ठाऊक असलेल्या माणसांवरचा त्याचा विश्वास या रात्रींत उडाला, असं माझं मत आहे. देवावरचा उडाला नाही. म्हणून त्याने दार बंद करण्याऐवजी ते आणखी उघडलं.

आता दोन वर्षं पुढे या. १५७८ च्या सुमाराला दालनात नवे चेहरे दिसू लागतात: ब्राह्मण, जैन साधू, पारशी. पण चांगलं ऐकायचं असेल तर दालनात थांबू नका. रात्री महालाच्या भिंतीखाली चला.

वर सज्जा आहे, बादशहाच्या शयनगृहाला लागून. खाली दोरांनी बांधलेली एक चारपाई आहे आणि तिच्यावर मांडी घालून बसला आहे देवी नावाचा ब्राह्मण. वरचे सेवक दोर ओढतात. चारपाई भिंतीला घासत, डुलत वर चढते आणि सज्जाजवळ येऊन थांबते. ना जमिनीवर, ना महालात. आत पाऊल न टाकता देवी बोलायला लागतो. ब्रह्मा, विष्णू, महादेव, राम, कृष्ण, महामाया. अग्नीची आणि सूर्याची पूजा का करतात, मूर्तीपुढे बसलेला माणूस नेमकं काय करत असतो. अकबर मध्येच थांबवून विचारतो, देवी पुन्हा समजावतो. तिसरं कोणी ऐकायला नाही, त्यामुळे जिंकायला काही नाही. खालच्या दालनात जो देव वादाचा विषय असतो, तो इथे निव्वळ ऐकण्याचा विषय होतो. एकच परमेश्वर अनेक रूपांनी कसा असू शकतो, हे मौलवींच्या गराड्यात सांगणं देवीला किती जड गेलं असतं! तसाच दिल्लीकडचा सूफी शेख ताजुद्दीनही कधीकधी वर ओढून घेतला जातो, आणि तो सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबीच्या वाटेने सांगतो की अस्तित्व एकच आहे, देवाचं, बाकीचं सगळं त्याचं प्रकटणं. दोन वेगवेगळ्या रात्री, दोन वेगवेगळी माणसं, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती एकमेकांना भेटलेली. बदायुनीला यातली एकही गोष्ट सहन होत नाही. काही वर्षांनी महाभारताच्या फारसी भाषांतराला त्यालाच बसवलं जाईल आणि अर्थ सांगणाऱ्या ब्राह्मणांत हाच देवी असेल.

भिंतीखाली उभे आहात तोवर आपल्या मुलखाकडेही एकदा पाहून घ्या. याच काळात पैठणला एकनाथ महाराज आहेत. त्यांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघे देवावरून एकमेकांची उणीदुणी काढतात, मूर्ती आणि मशीद, अवतार आणि पैगंबर, काही म्हणजे काही सोडत नाहीत, आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. तिथे बादशहा नव्हता, दिशा वाटून दिलेल्या नव्हत्या. बाजारातल्या माणसाच्या तोंडची भाषा होती. मला ते सिक्रीइतकंच मोठं काम वाटतं.

मार्च १५८०. गोव्याहून जेझुइट पाद्री आले आहेत. नोव्हेंबरमध्ये निघून दमण, सुरत, मांडू, उज्जैन, ग्वाल्हेर असा रस्ता त्यांनी तुडवला. त्यांचा प्रमुख रुदोल्फो आक्वाव्हिव्हा जेमतेम तिशीचा, इटलीतल्या एका ड्यूकचा मुलगा, उपासतापासांनी वाळलेला. मजकूर समजावायला फ्रान्सिस्को हेन्रिकेस, होर्मूझचा, फारसी येणारा. ३ मार्चला ते बादशहाला बायबल भेट देतात: अँटवर्पला प्लँतँच्या छापखान्यात छापलेली राजेशाही आवृत्ती, सात जाडजूड खंड, समोरासमोरच्या पानांवर हिब्रू, ग्रीक, लॅटिन. जवळ जाऊन पाहा. अकबर पगडी उतरवतो. एकेक खंड डोक्याला लावतो, चुंबन घेतो. मग विचारतो, यातलं इंजील कोणतं? ते दाखवल्यावर त्याला पुन्हा एकदा मान देतो. भोवतालचे मौलवी गप्प आहेत. रुदोल्फोच्या डोळ्यांत आशा मावत नाही.

ती आशा टिकली नाही. देव एकच, तरी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तिहेरी. तो माणूस होऊन कुमारिकेच्या पोटी आला आणि क्रुसावर मेला. जगाची उठाठेव करणारा परमेश्वर स्वतः वेदना भोगतो, ही ख्रिस्ती श्रद्धेची गाभ्याची गोष्ट. नेमकी तीच अकबराच्या गळी उतरत नाही. तो पुन्हा पुन्हा विचारतो, पाद्री पुन्हा पुन्हा सांगतात. एका रात्री एक शेख आव्हान देतो: आपण दोघे आपापला ग्रंथ घेऊन आगीत शिरू, जो वाचेल त्याचा धर्म खरा. सभा श्वास रोखून बसते. रुदोल्फो नकार देतो. देवाची परीक्षा पाहायची नसते, असं तो म्हणतो. काहींना हा भित्रेपणा वाटतो, मला ती त्याची सर्वांत सच्ची घटका वाटते. त्याचा देव मागितल्यावर चमत्कार करून दाखवणारा नव्हता आणि भर सभेत त्याने ते कबूल केलं.

त्याच वसंतात नौरोजला बादशहा सूर्यापुढे आणि अग्नीपुढे उघडपणे दंडवत घालतो. नवसारीच्या पारशी दस्तुरांचा हा प्रभाव. अहुर मज्द अदृश्य आहे, अग्नी त्याची खूण आहे, म्हणून ती विझू द्यायची नाही. महालात अखंड अग्नीची व्यवस्था दरबारातला विद्वान अबुल फजल याच्याकडे दिली जाते. संध्याकाळी दिवे लागले की दरबारी उठून उभे राहतात. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावून हात जोडणाऱ्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही.

१५८३ उजाडतं. रुदोल्फो हताश होऊन गोव्याला परत निघाला आहे. तो गेला, आणि त्याच उन्हाळ्यात गुजरातेतून अनवाणी चालत जैन साधू हीरविजय सूरी येऊन पोचतात. दोघांची गाठ पडली नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. जैन ग्रंथ सांगतात की सूरी महालातल्या गालिच्यावर पाय ठेवायला तयार झाले नाहीत, खाली जीवजंतू असतील म्हणून. गालिचा उचलला तर खरोखर मुंग्या होत्या. अबुल फजलशी त्यांचं देवाबद्दल बोलणं होतं. तो निवाड्याच्या दिवसाचं सांगतो, जग निर्माण करणाऱ्या आणि सगळ्यांचा हिशेब घेणाऱ्या अल्लाचं. सूरी शांतपणे म्हणतात की असा निर्माता मानायची गरजच नाही, कर्म आपलं फळ आपणच देतं. जिन, म्हणजे तीर्थंकर, वंदनीय खरे, पण ते जग चालवत नाहीत, नवसाला पावत नाहीत. सिक्रीत इतकी वर्षं देव कसा आहे यावर घसे कोरडे पडले, आणि हा साधू म्हणतो आहे की जगाला चालक लागतोच असं नाही. अकबर त्याचं ऐकतो. इतकंच करून थांबत नाही, पर्युषणाच्या दिवसांत प्राणिहत्येला बंदी घालतो.

सगळं पाहून झाल्यावर दालनावरून एकदा नजर फिरवा. कोण नाही इथे? एकही बाई नाही. शेतकरी नाही, कोळी नाही. जो आला त्याच्याकडे ग्रंथ होता किंवा गुरुपरंपरा होती. वेशीवरच्या म्हसोबाच्या, मरीआईच्या, सातेरीच्या वतीने बोलायला कोणी आलं नाही. ज्यांचा देव जगाचा नसून या गावाचा, या तळ्याचा, या बांधाचा आहे, त्यांना बोलवायचं कोणाला सुचलंच नाही, अकबरालासुद्धा नाही. माझ्या मते त्या उदार सभेची हीच सर्वांत मोठी उणीव होती.

म्हणून रुदोल्फोच्या मागोमाग तुम्हीही दक्षिणेला चला. जुलै १५८३, गोव्यातल्या साष्टीतलं कुंकळ्ळी. पाऊस कोसळतो आहे, शेतं भरली आहेत. पोर्तुगिजांनी १५६७ मध्ये साष्टीतली शेकड्यांनी देवळं पाडली. कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांनी सारा नाकारला, बंड केलं, पुन्हा फौजा आल्या, पुन्हा देवळं मोडली. आता पाच जेझुइट चर्चसाठी जागा पाहायला, क्रूस उभारायला आले आहेत. साष्टीच्या जेझुइटांची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेला रुदोल्फो त्यांत आहे. गावकऱ्यांनी त्यांना घेरलं आहे. सिक्रीत बादशहाच्या दालनात बोलायला उभा राहिलेला हा माणूस इथे राज्यकर्त्यांच्या सावलीत उभा आहे. तिथे त्याला दुसऱ्यांचं ऐकावंच लागे. इथे ऐकायची वेळच त्याच्या सोबत्यांनी ठेवलेली नाही. ज्या देवीचं देऊळ मोडलं गेलं तिच्याबद्दल कोणी एक प्रश्नही विचारलेला नाही. पाचही जेझुइट आणि त्यांच्या सोबतचे काहीजण मारले जातात. मग पोर्तुगीज गावच्या म्होरक्यांना बोलणीसाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावतात आणि तिथे त्यांची कत्तल करतात.

रुदोल्फो मोगलांकडे निघाला त्याच्या महिनाभर आधी थॉमस स्टीफन्स हा दुसरा जेझुइट गोव्यात उतरला होता. साष्टीतच राहून त्याने इथल्या लोकांची भाषा शिकून घेतली आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. ते क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. देऊळ मोडून जे साधत नव्हतं ते त्याने पुराणाच्या चालीत साधायचा प्रयत्न केला.

कुंकळ्ळीची ती देवी, शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण, फातर्प्याला नेली गेली. आता आपल्या वर्तमानात परत या आणि फाल्गुनात फातर्प्याच्या रस्त्याला लागा. ढोलांचा गजर कानठळ्या बसवतो, गुलालाने सदरे लाल झाले आहेत, बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या वाऱ्यात डोलत पुढे सरकतात आणि देवी मिरवत आपल्या मूळ गावाला निघते. रोमने त्या पाच जेझुइटांना १८९३ मध्ये धन्य घोषित केलं; आसोळण्यात मारलेल्या म्होरक्यांचं स्मारक कुंकळ्ळीत आपल्या हयातीत उभं राहिलं. छत्र्यांच्या मिरवणुकीत हिंदूंबरोबर गावातले ख्रिस्तीही चालत असतात. देवी गावची आहे, एवढं कारण त्यांना पुरतं.