चार रविवारांची वाट

मार्गशीर्ष लागला म्हणजे कोरेगांवच्या बाजारांत बुधवारीं फळांच्या पाट्या, विड्याचीं पानें, फुलें आणि महालक्ष्मीव्रताच्या पोथ्या मांडल्या जातात. व्रताचे गुरुवार बहुधा चार, क्वचित् पांच. शेवटच्या गुरुवारीं उद्यापन. ख्रिस्ती पंचांगांतही साधारण याच सुमारास चार वार मोजले जातात. मात्र ते रविवार असतात. ३० नोव्हेंबरच्या अगदीं जवळच्या रविवारीं सुरू होऊन नाताळच्या आदल्या दिवशीं संपणाऱ्या या काळास आगमनकाल म्हणतात.

आगमन दोन प्रकारचें: बेथलेहेमांत गव्हाणींत निजविलेल्या बालकाचें, आणि काळाच्या शेवटीं न्यायासाठीं येणाऱ्या प्रभूचें. म्हणूनच या दिवसांत उपासनेचा रंग जांभळा, अर्थात् पश्चात्तापाचा असतो. सन ३८० मध्यें स्पेनांतील सारागोसा येथें भरलेल्या धर्मसभेनें १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत कोणीही उपासनेस गैरहजर राहूं नये, असा दंडक घातला. पुढें पांचव्या शतकांत फ्रान्समधील तूर येथील बिशप पर्पेच्युअस यानें संत मार्टिनच्या दिवसापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यांतून तीन दिवस उपास सांगितला. चातुर्मास पाळणाऱ्या घरांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

या वाट पाहण्यास डोळ्यांना दिसेल असें रूप १८३९ सालीं हॅम्बुर्ग शहरीं मिळालें. योहान हिन्रिख विखर्न हा धर्मोपदेशक तेथें निराधार मुलांसाठीं एक आश्रम चालवीत असे. नाताळ केव्हां येणार, हा मुलांचा रोजचा प्रश्न. मुलांच्या प्रश्नांना दटावून गप्प करण्याची रीत सर्वच देशांतील गुरुजनांत आहे. विखर्ननें तसें केलें नाहीं. त्यानें गाडीचें एक जुनें चाक घेतलें, त्यावर रोजच्यासाठीं लहान तांबड्या आणि रविवारांसाठीं चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या, व दररोज एक पेटविण्यास आरंभ केला. उजेड दिवसेंदिवस वाढे आणि उरलेले दिवस मुलें आपलीं आपण मोजीत. तेंच चाक पुढें घरोघर लहान होत होत चार मेणबत्त्यांचें हिरवें कडें झालें.

त्याच जर्मनींत विसाव्या शतकाच्या आरंभीं म्यूनिखच्या गेरहार्ड लांग यानें दिवस मोजण्याचे छापील तक्ते काढले. लहानपणीं त्याच्या आईनें पुठ्ठ्यावर रोजचा खाऊ लावून दिला होता; त्या आठवणींतून हा धंदा निघाला. पुढें तक्त्यास खिडक्या आल्या, खिडक्यांमागें चॉकलेटें आलीं, आणि आज त्याच खिडक्यांमागें अत्तरें व सौंदर्यप्रसाधनेंही विकलीं जातात. आईच्या खाऊनें मूल थांबावयास शिकलें होतें. दुकानच्या खाऊनें काय शिकतें, हें आईबापांनींच पाहावें.

व्यापाराचा रेटा अमेरिकेंत सर्वांत उघड दिसला. तेथें आभारप्रदर्शनाचा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारीं पाळीत आणि नाताळची खरेदी त्यानंतर सुरू होई. १९३९ सालीं हा गुरुवार ३० तारखेस आला. विक्रीचे दिवस कमी पडणार अशी व्यापाऱ्यांची तक्रार आल्यावरून अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं सणच आठवडाभर अलीकडे ओढला! कांहीं संस्थानांनीं तो मानला, कांहींनीं मानला नाहीं. अखेर १९४१ सालीं तेथील काँग्रेसनें चवथा गुरुवार कायद्यानें ठरविला. अशा रीतीनें दुकानदारांचाही एक आगमनकाल सरकारी शिक्क्यानें सिद्ध झाला.

याच देशांत एके काळीं नाताळास बंदी होती. मॅसॅच्युसेट्स वसाहतींतील प्युरिटन पुढाऱ्यांनीं १६५९ सालीं नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड ठेवला. बायबलांत या सणास आधार नाहीं आणि त्याच्या नांवाखालीं धुमाकूळ मात्र चालतो, असें त्यांचें म्हणणें. तें सर्वस्वीं चूक नव्हतें. १६८१ सालीं कायदा रद्द झाला, तरी तेथील मंडळ्यांत नाताळ दीर्घकाळ उपेक्षित राहिला व त्याबरोबर आगमनकालही गेला. एकोणिसाव्या शतकांत लोकांच्या हौसेनें नाताळ परतला, तेव्हां त्यापूर्वींचे आठवडे रिकामे पडले होते. ते दुकानांनीं भरले.

साताऱ्यापर्यंत या इतिहासाचे धागे पोंचतात. १८१३ सालीं मुंबईस सुरू झालेलें अमेरिकन मराठी मिशन त्याच प्युरिटन परंपरेंतील मंडळ्यांनीं चालविलेलें होतें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तें साताऱ्यांत आलें. त्याच्याजवळ प्रवचनें होतीं, शाळा होत्या, उपासनेचा साधेपणा होता. व्रतवैकल्यांचें पंचांग नव्हतें. एकादशी आणि वारी मागें ठेवून आलेल्या मराठी माणसास वाट पाहण्याचा असा ऋतु फारसा उरला नाहीं.

या उणिवेस मराठी उत्तर सांपडतें तें नारायण वामन टिळकांच्या कामांत. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनें ख्रिस्तभक्ति अभंगांत आणि कीर्तनांत आणली, आणि १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून, कोरेगांवाहून पांच-सहा कोसांवर, साताऱ्यांत ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्यासही त्यांत स्थान होतें. दरबार आगमनकालासाठीं निघाला नव्हता हें खरें. परंतु पदरीं पगार नसतां ईश्वराच्या दारीं भजन करीत बसणें, हीच त्या काळाची मूळ वृत्ति होय.

टिळक १९१९ च्या मे महिन्यांत वारले. दरबारास दोन वर्षेंही धड मिळालीं नाहींत. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें पुरें केलें. आज शहरांत नाताळचे तारे डिसेंबर लागतांच दुकानांतून झळकूं लागतात आणि सण झाला कीं लागलीच उतरतात; वास्तविक जुन्या पंचांगाप्रमाणें २५ तारखेस सण आरंभ होऊन तो ६ जानेवारीपर्यंत चालावयाचा. शेजाऱ्यांनीं हौसेनें केक आणला तर त्यांत वाईट वाटण्यासारखें कांहींच नाहीं. मात्र त्याआधींच्या चार आठवड्यांत काय करावें, असें ज्या ख्रिस्ती घराला वाटेल, त्यास टिळक पतिपत्नींचा हा ओवीबद्ध ग्रंथ हाताशीं आहे. अशी पोथी दिवा लावून, मोठ्यानें, रोज थोडी थोडी वाचावयाची असते, हें मार्गशीर्षांतल्या गुरुवारीं कहाणी ऐकणाऱ्या घरांना सांगावें लागत नाहीं.