तळटीप १४ : विलायती राजचित्री थाळे

१४. हे थाळे भाजलेल्या मातीचे, वर कथिलमिश्रित पांढरी झिलई. लंडनच्या साउथवर्क-लॅम्बेथ भागात आणि ब्रिस्टलला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्याच्या आरंभापर्यंत बनत. काठावर निळ्या तिरप्या फटकाऱ्यांची किनार, मध्ये मुकुटधारी राजा किंवा राजाराणी. लेखकाने त्यांना अहमदनगरच्या निजामशाही व्यक्तिचित्रांच्या पंगतीत बसवले आहे. ते पटत नाही. दुसरा चार्ल्स असो, तिसरा विल्यम असो की राणी ॲन, चेहरा जवळपास ठरावीक. ओळख पटते ती बाजूच्या आद्याक्षरांवरून. कच्ची झिलई रंग लगेच शोषते, काढलेली रेघ पुसता येत नाही, म्हणून चित्र ढोबळ राहिले, असे यावर कोणी म्हणेल. पण अशाच झिलईवर इटलीच्या कारागिरांनी त्याआधी शंभरएक वर्षे बारकाईचे चेहरे रंगवले होते. अडचण तंत्राची नव्हती. गिऱ्हाइकाला भिंतीवर राजनिष्ठेची खूण हवी होती, आणि अनेक थाळ्यांच्या बुडाच्या कड्याला दोरी ओवायला भोक आहे ते त्यासाठीच. उलट ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ (सुमारे १५६५, भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे) या पोथीत पहिल्या हुसेन निजामशहाशेजारची राणी खुंजा हुमायून बहुतेक चित्रांत नंतर रंगाखाली झाकलेली आहे. १५६९ मध्ये मुलाने, म्हणजे मुर्तझाने, तिला कैदेत टाकले. झाकाझाकी बहुधा त्यानंतरची. तिथे आकृती म्हणजे ती व्यक्तीच होती. थाळ्यावर मात्र राजा बदलला की अक्षरे बदलून भागत असे.