जळाला, की नाही जळाला?

आज मैलापूरहून बोलतोय. मागे कपालीश्वराचं गोपुर दिसतंय. रिक्षांचे आवाज येतील, तेवढं सांभाळून घ्या.

लावणी म्हटलं की आपल्याला घुंगरू आठवतात. माझ्या जिवाला लागलेली लावणी मात्र मी तमिळमध्ये ऐकली. मद्रास रेजिमेंटमधली माझी सुरुवातीची वर्षं. उत्तरेतली थंडी, होळीची रात्र. शेकोटीपाशी मयिलाडुतुरैकडचा एक हवालदार डफावर थाप मारून गाऊ लागला. आवाज असा की दंगा करणारी पोरं गप्प झाली. काय गातोस, विचारलं तर म्हणाला, "लावणी, साब."

मी हसलो. हा शब्द याच्या तोंडी कुठून आला?

उत्तर आपल्याच इतिहासात आहे. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतलं आणि 1855 पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य राहिलं. राजांमागून कारकून, कीर्तनकार, गाणारे गेले. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 सालचा, भोसले घराण्याची हकिगत सांगणारा मराठी शिलालेख आहे. आपले पर्यटक त्याचा फोटो हमखास काढतात. लावणी दगडावर कोरलेली नसल्यामुळे ती कुणाला दिसत नाही.

आपल्या कलगी-तुऱ्यात शक्ती श्रेष्ठ की शिव, हा झगडा. तंजावरच्या खेड्यांत सवाल-जवाबाची रीत तीच, डफ-तुणतुणं तेच, पण भाषा तमिळ झाली आणि प्रश्न बदलला. मासी महिन्यात, म्हणजे आपल्या होळीच्या सुमारास, तिथे कामन पंडिगै हा सण असतो. एरंडाची फांदी आणि ऊस रोवतात. (एरंड आपणही होळीत रोवतोच की!) शिवाने तिसरा डोळा उघडून मदनाला भस्म केलं, त्याचा हा सण. गावात दोन पक्ष समोरासमोर बसतात. 'एरिंद कट्ची' म्हणजे जळाला म्हणणारे आणि 'एरियाद कट्ची' म्हणजे नाही जळाला म्हणणारे. रात्रभर वाद चालतो.

जळाला म्हणणाऱ्यांचं काम सोपं. पुराण त्यांच्या बाजूला, राख समोर, आणि रतीचा विलापही त्यांच्याच उपयोगाचा. हवालदार त्याच पक्षाचा, बापापासून चालत आलेला. दुसरे म्हणतात, मदन आहे, फक्त रतीलाच दिसतो. तुम्हाला दिसत नाही हा काही पुरावा नव्हे. लावणीला नुसत्या शृंगाराच्या खात्यात टाकून आपण मोकळे झालो, हा आपला आळस आहे.

आता मैलापूर. तंजावरी मराठी घराण्यातले, बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव 1891 मध्ये इथेच वारले. पण मी इथे आलो तो त्यांच्यासाठी नव्हे. बायको गेल्यावर मुलगी मला घेऊन आली.

कपालीश्वराच्या आवारात पूंपावैचं छोटं देऊळ आहे. ही शिवनेशर नावाच्या व्यापाऱ्याची मुलगी, साप चावून गेली. बापाने तिची राख आणि हाडं घड्यात भरून जपून ठेवली. सातव्या शतकातले संतकवी संबंदर इथे आले, तेव्हा त्याने तो घडा त्यांच्यापुढे ठेवला. संबंदरांनी पद गायलं. त्यात मैलापूरचे वर्षाचे सण एकेक करून येतात. हे न बघताच जाणार का गं, असं ते त्या राखेला विचारत राहतात. आणि मुलगी उठून आली, असं परंपरा सांगते. संशोधनाच्या दृष्टीने ही आख्यायिका, मला मान्य आहे. तरी रोज संध्याकाळी मी त्या देवळापाशी थोडा वेळ थांबतो.

गेल्या महिन्यात हवालदाराला फोन लावला. तोही आता म्हातारा. माझी बातमी ऐकून बराच वेळ बोलला नाही. मग कळलं, त्याचीही बायको गेली, चार वर्षं झाली. मी विचारलं, "अजून गातोस?"

"गातो, साब. पण आता समोरच्या बाजूला बसतो."

मासी पौर्णिमेला त्याने गावी बोलावलंय. मी तिकीट काढलंय.