विश्लेषण: बोलता येत नाही म्हणजे कळतही नाही का? 'वाचाघात' नेमका काय असतो?

पक्षाघाताच्या झटक्यानंतर माणूस दवाखान्यातून घरी येतो. आधार घेऊन चालू लागतो, सगळ्यांना ओळखतो, नातवंडांकडे बघून हसतो. पण तहान लागली की 'पाणी' हा शब्द काही केल्या आठवत नाही. कधी त्याजागी 'चहा' येतो, कधी नुसतंच 'ते... ते...'. भेटायला आलेले नातेवाईक मग त्यांच्याशी मोठ्या आवाजात बोलतात, नाहीतर घरच्यांनाच विचारतात, "यांना काही समजतं का?"

या अवस्थेला वाचाघात म्हणतात. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. पक्षाघातातून वाचलेल्या साधारण तीनपैकी एकाला तो होतो. तरीही तो अनेकांना माहीत नसतो आणि त्याची किंमत रुग्णाला रोजच्या जगण्यात मोजावी लागते.

वाचाघात म्हणजे काय?

मेंदूतल्या भाषेच्या भागांना इजा झाल्यामुळे बोलणं, ऐकलेलं समजणं, वाचणं आणि लिहिणं या क्षमता कमी होतात किंवा जातात, त्याला वाचाघात म्हणतात. बहुतेक लोकांमध्ये हे भाग मेंदूच्या डाव्या बाजूला असतात. शरीराच्या उजव्या बाजूचं नियंत्रणही डावा मेंदूच करतो. म्हणून अनेक रुग्णांमध्ये उजवा हात-पाय लुळा पडणं आणि वाचा जाणं एकत्र दिसतं.

पक्षाघात हे सर्वांत मोठं कारण. डोक्याला जबर मार, मेंदूतली गाठ किंवा मेंदूचा संसर्ग यांमुळेही वाचाघात होतो. काहींमध्ये तो मेंदूच्या ऱ्हासाबरोबर हळूहळू वाढत जातो. हॉलिवूड अभिनेते ब्रूस विलिस यांना वाचाघात असल्याचं त्यांच्या कुटुंबाने 2022 मध्ये जाहीर केलं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया हे त्यामागचं नेमकं निदान 2023 मध्ये समोर आलं.

वाचाघात म्हणजे बहिरेपण नाही, तोतरेपणा नाही आणि वेड लागणंही नाही. जीभ आणि ओठांचे स्नायू कमजोर झाल्यामुळे उच्चार अस्पष्ट होतात, तो वेगळा त्रास. एकाच रुग्णाला दोन्ही त्रास असू शकतात.

हे कसं कळलं?

1861 मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे एक रुग्ण आला. त्याला दुसऱ्याचं बोलणं बरंचसं समजायचं, पण स्वतःला 'टॅन' एवढंच बोलता यायचं. काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा दिसली. पुढे 1874 मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकारचे रुग्ण वर्णन केले. ते भरभर बोलायचे, पण त्या बोलण्याला अर्थ नसायचा आणि समोरच्याचं बोलणंही त्यांना कळायचं नाही. त्यांच्यात इजा मेंदूच्या अधिक मागच्या भागात होती.

मराठी बोलणाऱ्या रुग्णात तो कसा दिसतो?

ब्रोका प्रकारात शब्द मोजके आणि कष्टाने येतात. 'काल मुलाने मला गाडीतून दवाखान्यात नेलं' असं सांगायचं असेल तर 'काल... मुलगा... गाडी... दवाखाना' एवढंच बाहेर पडतं. विभक्तीचे प्रत्यय आणि क्रियापदांची रूपं गळतात. आपलं चुकतंय हे रुग्णाला कळत असतं, म्हणून चिडचिडही जास्त होते.

वेर्निके प्रकारात बोलणं अखंड चालू असतं. चाल मराठीचीच वाटते, पण मध्येच चुकीचे किंवा अस्तित्वातच नसलेले शब्द येतात. अशा माणसाला भ्रम झालाय असा समज सहज होतो.

काहींचं वाक्य नीट असतं, फक्त नेमका शब्द सापडत नाही. 'वाटी'ऐवजी 'चमचा', 'पाकीट'ऐवजी 'काकीट' असं होतं. सर्वांत तीव्र प्रकारात बोलणं आणि समजणं दोन्ही जवळजवळ बंद होतं.

दोन-तीन भाषा येणाऱ्यांमध्ये सगळ्या भाषांवर सारखाच परिणाम होईल असं नाही. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी वापरणाऱ्या माणसाची एखादी भाषा आधी परतू शकते. त्यामुळे रुग्ण कोणती भाषा कुठे वापरत होता, हे घरच्यांनी थेरपिस्टला सांगणं गरजेचं असतं.

घरच्यांचा गोंधळ कुठे होतो?

पहिला गोंधळ कागद-पेनचा. 'बोलता येत नाही तर लिहून दाखवा' असं म्हटलं जातं. पण वाचाघातात लिहिण्यावरही परिणाम होतो, त्यामुळे पेन हातात धरून रुग्ण तसाच बसून राहतो.

दुसरा गोंधळ आरतीचा आणि शिव्यांचा. साधं वाक्य न जमणारा माणूस एक ते दहा आकडे म्हणतो, आरतीत सूर मिसळतो, रागाच्या भरात एखादी शिवी स्पष्ट देतो. मग घरच्यांना वाटतं, 'हे मुद्दामच बोलत नाहीत.' प्रत्यक्षात पाठ झालेलं, सुरातलं किंवा भावनेच्या भरात निघणारं बोलणं आणि विचार करून नवं वाक्य जुळवणं, ही मेंदूसाठी वेगवेगळी कामं आहेत. सुरांची मदत घेऊन बोलायला शिकवणारी मेलोडिक इंटोनेशन थेरपी 1973 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये मांडली गेली, ती याच निरीक्षणावर उभी आहे.

तिसरा गोंधळ 'हो' आणि 'नाही'चा. मनात एक आणि तोंडात दुसरं असं होऊ शकतं. औषध घेतलं का, पोटात दुखतंय का, अशा प्रश्नांच्या उत्तराची खूण करून पुन्हा खात्री करावी लागते.

रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो?

फोनवर समोरच्याचे हावभाव दिसत नाहीत, त्यामुळे फोन घेणंच बंद होतं. आकडे उलटसुलट होतात, म्हणून ओटीपी, एटीएमचा पिन, रिक्षाचं भाडं, गोळ्यांच्या वेळा, सगळंच अवघड होतं. उजवा हात कमजोर असेल तर सही जुळत नाही आणि बँकेत अडतं. चारचौघांत बोलण्याचा वेग पकडता येत नाही, म्हणून लग्नकार्यात माणूस कोपऱ्यात बसतो. हळूहळू मित्रांचं येणं कमी होतं. वाचाघात झालेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण मोठं असतं, पण 'कसं वाटतंय' हे सांगायला शब्दच नसल्यामुळे ते लक्षात येत नाही.

सर्वांत मोठं नुकसान निर्णयांचं होतं. कालपर्यंत घर चालवणाऱ्या माणसाला न विचारता घर विकायचं ठरतं, उपचार ठरतात. त्याला कळत नसेल असं गृहीत धरलेलं असतं. पक्षाघाताने लक्ष किंवा स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, पण केवळ बोलणं गेलं म्हणून बुद्धी गेली असं ठरत नाही. स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना 1990 मध्ये पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा बव्हंशी गेली. त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले, ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले आणि 2011 मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधल्या 21 दिव्यांगत्वांमध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे आणि त्यात वाचाघातामुळे आलेलं कायमचं दिव्यांगत्व येतं. तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकतं. अनेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. याच कायद्याचं कलम 13 दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क देतं.

बरं होता येतं का?

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण नंतर ती थांबतेच असं नाही. सरावाने वर्षांनंतरही फरक पडतो. मात्र सगळे जण पूर्ण बरे होत नाहीत. मुख्य उपचार म्हणजे स्पीच थेरपी. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे पाहून घ्यावं. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालय इथे यासाठी विभाग आहेत.

घरच्यांनी काय करावं?

- बोलताना टीव्ही बंद करा. एका वेळी एकानेच बोला.
- वाक्य छोटं ठेवा, पण लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नका. ओरडूही नका.
- 'काय खाणार?' यापेक्षा 'पोळी की भात?' असं विचारा आणि दोन्ही दाखवा.
- उत्तरासाठी थांबा. शब्द लगेच तोंडात घालू नका.
- कॅलेंडर, घरच्यांचे फोटो, नकाशा, चित्रं, खाणाखुणा, जे चालेल ते वापरा.
- समजलं नसेल तर समजल्याचं नाटक करू नका. 'पुन्हा बघू' म्हणा.
- डॉक्टरांसमोर, बँकेत आणि घरातल्या चर्चेत आधी त्यांनाच विचारा.

अचानक वाचा गेली तर?

बोलता बोलता शब्द अडखळले, बोलणं असंबद्ध झालं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात उचलेना, तर तो पक्षाघात समजून लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत, योग्य रुग्णालाच देता येतं. म्हणून त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा. दहा मिनिटांत बोलणं पूर्ववत झालं तरी दवाखान्यात जा. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.