गुंठाभर जागेत लो-बँड अँटेना कसा बसवायचा?

तुमच्या फोनमध्ये अँटेना असतो, पण तो दिसत नाही. कारण सोपं आहे. ९०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी असते ३३ सेंटिमीटर, आणि तिचा पाव भाग म्हणजे साधारण ८ सेंटिमीटर. तेवढी पट्टी दुमडून फोनच्या कडेला सहज बसते. हॅम रेडिओच्या ७ मेगाहर्ट्झवर मात्र हीच तरंगलांबी ४० मीटरच्या पुढे जाते! मग छोट्या जागेत करायचं काय? माझं उत्तर फोनवाल्यांचंच आहे: तार आधी दुमडा, कापायचा विचार नंतर.

लो-बँड म्हणजे काय?

हॅम मंडळी ४०, ८० आणि १६० मीटरच्या बँडना लो-बँड म्हणतात. फ्रीक्वेन्सी अंदाजे ७, ३.६ आणि १.८ मेगाहर्ट्झ. यावर मोबाईल टॉवर किंवा इंटरनेटशिवाय शेकडो किलोमीटर बोलता येतं. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हॅम ऑपरेटरांचा एक गट योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होता. फोन बंद पडल्यावर त्यांच्या रेडिओवरून संदेश मुख्य भूमीवर पोचले. म्हणून घरचा अँटेना चालता असणं ही नुसती हौस नाही.

लांबी किती लागते?

सूत्र पाठ करून ठेवा: १४३ भागिले मेगाहर्ट्झ = अर्ध्या तरंगाच्या डायपोलची लांबी मीटरमध्ये. ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे २० मीटर, ३.६ ला सुमारे ४० मीटर. एक गुंठा म्हणजे साधारण १० बाय १० मीटर. सरळ तार बसणारच नाही.

४० मीटर: उलटा व्ही

१० बाय १० च्या गच्चीवर मधोमध ६ मीटरचा बांबू उभा करा. डायपोलच्या दोन्ही बाजू (प्रत्येकी १० मीटर) तिथून समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे उतरवा. कोपऱ्यात अडीच मीटर उंचीचे खांब धरले, तर प्रत्येक बाजूची जवळपास ८ मीटर तार तिथे संपते. उरलेली २ मीटर त्याच उंचीवरून कठड्याच्या दिशेने वळवा. टोकाला करंट कमी असतो, त्यामुळे तिथे वळवल्याने फारसं बिघडत नाही.

अशा कमी उंचीच्या अँटेनाचा सिग्नल बराचसा वर जातो आणि आयनोस्फिअरवरून परत खाली येतो. परदेशासाठी हे फार चांगलं नाही, पण दिवसा पुणे-कोल्हापूरसारख्या अंतरासाठी अगदी योग्य.

८० मीटर: इन्व्हर्टेड एल

इथे उभा अँटेना बरा. पाव तरंग म्हणजे २० मीटर उंची, ती कुठून आणणार? दोन पर्याय आहेत. एक, १० मीटरची उभी तार आणि तळाशी लोडिंग कॉइल. दोन, १० मीटर उभी आणि पुढची १० मीटर आडवी, म्हणजेच इन्व्हर्टेड एल.

जमिनीतला तोटा १५ ओहम धरून मी हिशोब केला:

- पूर्ण २० मीटर उभी: रेडिएशन रेझिस्टन्स ३६ ओहम, हवेत जाते सुमारे ७० टक्के शक्ती
- इन्व्हर्टेड एल: सुमारे १८ ओहम, ५५ टक्के
- तळाशी कॉइल: सुमारे ६ ओहम, जेमतेम २९ टक्के (कॉइलमधला तोटा वेगळाच!)

उंची तीच, पण तार दुमडल्याने शक्ती जवळपास दुप्पट. जमिनीतला तोटा कमी करायला तळाशी रेडियल तारा पसरा. छोट्या जागेत दोन-चार लांब तारांपेक्षा पंधरा-वीस आखूड तारा जास्त कामाच्या.

एसडब्ल्यूआरला भुलू नका

वरचाच पहिला आकडा बघा: ३६ अधिक १५ म्हणजे ५१ ओहम. ५० ओहमच्या केबलला अगदी जुळतं, मीटर खूश! पण ३० टक्के शक्ती माती तापवते आहे. चांगला एसडब्ल्यूआर म्हणजे चांगला अँटेना, असं नसतं. नॅनोव्हीएनए नावाचं फोनएवढं यंत्र मोजमापासाठी उत्तम. तार सूत्रापेक्षा थोडी लांबच कापा, मग मोजत मोजत छाटा.

हे विसरू नका

- विजेच्या तारांजवळ अँटेना अजिबात नको. बांबू पडला तरी तारेला टेकणार नाही इतकं अंतर ठेवा.
- ट्रान्समिट करताना टोकांना जास्त व्होल्टेज असतं. हात पोचणार नाही अशी बांधा.
- वळवाचे ढग दिसले की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवा.
- सोसायटी असेल तर आधी परवानगी घ्या.
- बोलण्यासाठी सरकारी परवाना लागतो. परीक्षा पास झाल्यावर कॉल साइन मिळतं.

परवाना येईपर्यंत फोनवरच सराव करा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडा आणि रात्री ८० मीटर ऐका. कान तयार होतील, तोवर बांबू शोधून ठेवा!